बेदाण्याचा सौदा आणि ‘वाण्याचं रक्त’: तासगावच्या एका पेढीचं प्रकरण

दिवाळी तोंडावर आली होती आणि बापूच्या पेढीवरून माल उचललेल्या एका परराज्यातल्या खरेदीदाराचा फोन लागेनासा झाला होता. अडकलेली रक्कम पाऊण कोटीच्या घरात. बापू बेदाण्याचा अडत्या, म्हणजे शेतकऱ्यांचा माल कमिशनवर विकून देणारा. माल त्याचा स्वतःचा नव्हता. तो सावळज, मणेराजुरी, कवठेमहांकाळ भागातल्या बागायतदारांचा होता, आणि त्यातले निम्मे बापूच्या भावकीतले नाहीतर सोयरे. बाजारात कुजबुज सुरू झाली ती अशी: ‘शेतकऱ्याचं पोर आहे, बघू कसं निभावतंय. धंद्याला वाण्याचं रक्त लागतं.’

या शेवटच्या वाक्यासाठी प्रकरण लिहायला घेतलं. ‘शेतकऱ्याचं पोर’ म्हणजे मराठ्याचं, हे बोलणाऱ्याला ठाऊक होतं आणि ऐकणाऱ्यालाही. देणं भागवणं हा एखाद्या जातीचा अंगभूत गुण असतो आणि बाकीच्यांनी तो फार तर शिकून घ्यायचा, असा त्यामागचा समज. बापू हे नाव बदललेलं आहे. तासगाव-सांगलीकडच्या पेढ्यांवर जे घडत असतं ते एकत्र करून हे प्रकरण बांधलं आहे, म्हणजे कुणा एकाच्या खात्यात डोकावल्यासारखं होणार नाही. बाजाराची रीत, कायदे आणि सालं मात्र खरी आहेत.

अडत्याच्या गळ्यात काय असतं

द्राक्ष पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून शेडमधल्या रॅकवर पसरतात. पंधरा-वीस दिवसांत बेदाणा तयार होतो. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो. निवडून, ग्रेडिंग होऊन, बॉक्समध्ये भरून माल शीतगृहात जातो आणि तिथून सौद्याला निघतो.

सौदा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बॉक्स फोडलेले असतात, खरेदीदारांचा घोळका एका मालावरून दुसऱ्या मालाकडे सरकत असतो. प्रत्येक जण मूठभर बेदाणा उचलतो, तळहातावर चोळतो, रंग बघतो, एखादा तोंडात टाकतो आणि उरलेला भिरकावून देतो. तासाभरात फरशीवर बेदाण्याचा थर जमतो आणि तो बुटांखाली चिकटत राहतो. या उधळणीवरून बागायतदारांची आणि बाजार समितीची किती भांडणं झाली असतील त्याला गणती नाही. वर्षभर राबून पिकवलेला माल डोळ्यांदेखत तुडवला जातो, आणि त्याचं वजन कुणाच्या पट्टीत धरलं जात नाही. भावाची बोली मात्र किलोला एकेका रुपयानं चढते.

बोली सुटली की माल खरेदीदाराचा. पैसे लगेच येत नाहीत. मुदत ठरलेली असते, ती लांबते. शेतकऱ्याला ओळख फक्त अडत्याची. इंदूरचा किंवा दिल्लीचा व्यापारी त्यानं जन्मात पाहिलेला नसतो. त्याच्या हातात अडत्याची पट्टी असते, वजन, भाव, अडत, हमाली, तोलाई आणि खाली निव्वळ रक्कम लिहिलेली. पलीकडचे पैसे आले काय, बुडाले काय, पट्टीवर सही अडत्याची.

सांगली-तासगावच्या बेदाणा बाजाराची आणखी एक रीत आहे. दिवाळीच्या आधी सौदे बंद ठेवायचे आणि सगळ्यांनी सगळ्यांची देणी मिटवायची. याला बाजारात ‘झिरो पेमेंट’ म्हणतात. मोठमोठ्या व्यापारी कायद्यांना जमत नाही ते ही रीत करते, कारण ज्याचं देणं राहिलं त्याला दिवाळीनंतरच्या सौद्यात बोली लावायला तोंड राहत नाही. पण साखळीतली एक कडी अडली की सगळं अडतं. खरेदीदारानं बापूला दिले नाहीत, बापूनं शेतकऱ्याला दिले नाहीत, शेतकऱ्यानं औषध दुकानदाराला दिले नाहीत, आणि ऑक्टोबर छाटणीच्या मजुरीला घरात दमडी नाही.

बापू इथवर कसा आला

घरची द्राक्षबाग, रयतच्या शाळेत शिक्षण, मग सांगलीला बीकॉम. नोकरी लागली ती मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीवर, दिवाणजी म्हणून. पेढीचे मालक लिंगायत वाणी, तिसऱ्या पिढीचे, सगळा यार्ड त्यांना आप्पा म्हणतो. हळकुंड, गड्डा आणि कणी यांचे ढीग वेगळे कसे ओळखायचे, खरेदीदाराचा चेहरा भाव बोलताना काय सांगतो, कुणाला किती दिवसांची उधारी द्यायची आणि कुणाला गोड बोलून एक पोतंही द्यायचं नाही, हे तो तिथं शिकला.

आप्पांचे आजोबा सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत हळद ठेवत. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार. तिथल्या मातीत हळद वर्षानुवर्षं टिकायची. एकदा पेवाचं तोंड लिंपलं की माल नजरेआड. आत काय आहे, किती आहे, हे सांगायला पेव भरणाऱ्याचा शब्द. २००५च्या महापुरात ही पेवं पाण्याखाली गेली आणि तो कारभार मोडला. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण आप्पा अजूनही गप्पांत पेवांवरच येतात.

बापूनं स्वतःची पेढी काढली ती बेदाण्याची, हळदीची नव्हे. यात शहाणपण होतं. हळदीच्या धंद्यात घराणी ठरलेली, गिऱ्हाइकं ठरलेली. बेदाणा त्या मानानं नवा. तास-ए-गणेश, सोनाका या द्राक्षवाणांनी तासगावचं शिवार बदललं, मागाहून शेड आली, शीतगृहं आली, आणि या बाजारात वारसा सांगायला कुणाकडेच फारसं काही नव्हतं. म्हणून तिथं मराठा आला, धनगर आला, जैन आला, लिंगायत आला, मारवाडी-गुजराती तर होतेच.

सौद्याला उभे असलेले लोक

आता त्या कुजबुजीकडे. ‘वाण्याचं रक्त’ हे ज्या वैश्य वर्णाच्या नावानं बोललं जातं, तो वर्ण या सौद्यात शोधू गेलं तर हाती काय लागतं?

आप्पा लिंगायत. बसवण्णांनी बाराव्या शतकात कल्याणात जे उभं केलं त्यात वर्णाची उतरंडच नाकारली होती. कायक, म्हणजे अंगमेहनतीचं प्रामाणिक काम, हाच तिथला धर्म. समाज त्यांना वाणी म्हणतो, पण परंपरेनं बघावं तर चातुर्वर्ण्याच्या चौकटीत त्यांना बसवणंच चूक. शेजारच्या पेढीवरचे अण्णा दिगंबर जैन, ते वेदांचं प्रामाण्य मानत नाहीत. शिवाय सांगली-कोल्हापूरकडे जैन म्हटलं की निम्म्या लोकांच्या डोळ्यांपुढे ऊस आणि बैलजोडी येते, तागडी नव्हे. १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा उभी राहिली ती अशाच शेतकरी-व्यापारी समाजाच्या बळावर. पलीकडचे शेठ माहेश्वरी, म्हणजे मारवाडी व्यापारी समाजातले. त्यांच्या कुळकथेत पूर्वज राजपूत योद्धे, शंकराच्या कृपेनं तलवार ठेवून तराजू घेतलेले. आणि बापूच्या घरी शहाण्णव कुळीचा अभिमान, म्हणजे क्षत्रिय.

सौद्याला चौघे उभे. चौघांचाही धंदा व्यापार. आणि आपण वैश्य आहोत असं स्वतःहून सांगणारा त्यांत एकही नाही.

पोथी उघडली तर गंमत आणखी वाढते. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात वैश्याची कामं येतात ती पशुपालन, दान, यज्ञ, अध्ययन, व्यापार, व्याजबट्टा आणि शेती. गीतेच्या अठराव्या अध्यायात तर तीनच शब्द, कृषी, गोरक्ष्य, वाणिज्य. म्हणजे बाग लावणारा, गोठ्यात म्हशी बांधणारा आणि बेदाण्याची अडत करणारा बापू हा पोथीतल्या व्याख्येनं यार्डातला सगळ्यांत पक्का वैश्य ठरतो. ज्याला ‘शेतकऱ्याचं पोर’ म्हणून धंद्याबाहेर काढलं जात होतं, त्याची शेती हीच पोथीनं वैश्याला दिलेली. दख्खनमध्ये ही जोडी फार पूर्वी फुटली. नांगर कुणब्याकडे राहिला आणि तागडी वाण्याकडे. वर्णाच्या खात्यावर मग नेमकं कोण, याचं उत्तर द्यायला शास्त्रीपंडित बसले.

त्यांनी दिलेलं उत्तर तर सगळ्यांनाच वाऱ्यावर सोडणारं होतं. ‘कलावाद्यन्तयोः स्थितिः’, कलियुगात पहिला आणि शेवटचा असे दोनच वर्ण उरले. या मताचा खरा मारा क्षत्रियत्वावर होता. १८३०च्या सुमारास साताऱ्यात प्रतापसिंह महाराजांच्या काळात भोसल्यांच्या वर्णावरून वाद रंगला, पुढे १८९९ला कोल्हापुरात शाहू महाराजांचं वेदोक्त प्रकरण, म्हणजे वेदमंत्रांनी विधी करून घेण्याच्या हक्काचा वाद, पेटलं. त्या धुमाळीत वैश्यांचा विचार कुणी केला नाही. पण मधले दोन्ही वर्ण बुडाले म्हटलं की वैश्यही बुडालाच. छत्रपतींना भांडायला दरबार होता. पेठेतल्या वाण्याला गल्ल्यावर बसायचं होतं, तो बसला.

याचा अर्थ वैश्य म्हणवून घेणारे महाराष्ट्रात नाहीतच असा नाही. कोकणात वैश्यवाणी आहेत, नांदेड-सोलापूरकडे आर्यवैश्य कोमटी आहेत. पण कृष्णाकाठच्या पेठांत व्यापार करणारा माणूस वर्णावरून ठरलेला नव्हता. सांगलीत गजानन मिल काढणारे वेलणकर, १९१०ला औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर, भिलवडीला दुधाचा धंदा उभारणारे चितळे, ही तर ब्राह्मण घराणी. खानापूर, आटपाडी, विटा भागातले गलाई बांधव बघा. दुष्काळानं गाव सोडलं आणि देशभरातल्या सराफ कट्ट्यांच्या आसपास सोनं-चांदी गाळायची दुकानं टाकली. बहुतेक शेतकरी घरांतले. त्यांना कुणी रक्ताबद्दल विचारलं नाही. विचारलं असेल तर त्यांनी ऐकलं नाही.

मग जातीचं काहीच नाही?

आहे, आणि भरपूर आहे. वर्ण पोथीत विरला तरी पत जातीतूनच वाहत राहिली.

माहेश्वरी शेठचा मुलगा नवी पेढी काढतो तेव्हा इंदूरला त्याचा मावसा असतो आणि जयपूरला बहिणीचं सासर. तिथल्या बाजारात कुणाची अवस्था काय आहे हे त्याला आठवडाभर आधी कळतं. नवऱ्या मुलाची चौकशी आणि गिऱ्हाइकाची चौकशी एकाच फोनवर होते. पूर्वी हुंडी, म्हणजे दूरच्या पेढीवर पैसे देण्याची चिठ्ठी, चालायची ती याच जोरावर. बापूचं गोत मोठं, पण सगळं तासगाव, खानापूर, जत या परिघातलं आणि सगळं माल पिकवणाऱ्या बाजूचं. विकत घेणाऱ्या बाजूला त्याचं माणूस नव्हतं. म्हणून बुडवा खरेदीदार त्याच्याच पदरात पडला. माहीतगारांनी त्याला हंगामाच्या सुरुवातीलाच टाळलं होतं. या खरेदीदाराची जात बाजारात लगेच निघाली. ती मी इथं लिहीत नाही, कारण त्याच जातीच्या ज्या खरेदीदारांनी वेळेवर पैसे पाठवले त्यांची कुणी काढली नाही.

दुसरी बाजू जुनी आणि कडू आहे. १२ मे १८७५ला सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले आणि लोण पुणे-नगरकडे पसरलं. त्याच साली सप्टेंबरात सातारा जिल्ह्यातल्या कोकरूडला, आजच्या शिराळा तालुक्यात, तसाच उठाव झाला. राग मुख्यतः गुजर-मारवाडी सावकारांवर होता, पण तो पेटला होता कागदांवर. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून कापसाचा भाव कोसळला होता, वर शेतसारा वाढवलेला, आणि न वाचता अंगठा उठवलेले रोखे दिवाणी कोर्टात जसेच्या तसे खरे धरले जात होते. १८७९चा दख्खन शेतकरी कायदा आला तो पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांसाठी. रोख्यावरचा आकडा बाजूला ठेवून मूळ देवघेव तपासायची मुभा कोर्टाला मिळाली.

तासगाव तेव्हा साताऱ्यात, इंग्रजी मुलखात. सांगली पटवर्धनांचं संस्थान. थोड्याच कोसांवर कायदा बदलायचा. १९४९ला दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६०ला त्याचं नाव सांगली पडलं, पण ‘शेठ लुबाडतो’ आणि ‘कुणबी बुडवतो’ ही दोन्ही वाक्यं जिल्ह्याच्या हद्दी बदलल्या म्हणून गेली नाहीत. नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं सावकारांना धाक बसवला. १९४८ला गांधीहत्येनंतर ब्राह्मणांची घरं-दुकानं जळली आणि अनेक सावकार घराणी गावं सोडून गेली. मग सोसायट्या, कारखाने, पतसंस्था आल्या. कर्ज देणारे हात बदलले, संशय राहिला.

बापूच्या बाबतीत हा संशय दोन्हीकडून होता. व्यापारी म्हणत, शेतकऱ्याचं पोर, हात वर करील. भावकी म्हणत होती, आता हाही शेठ झाला, आपल्यालाच बुडवणार.

निर्णय

बापूपुढे दोन वाटा होत्या. पहिली सोपी. खरेदीदारानं दिले नाहीत, मी कुठून देऊ, केस करतो, तोवर थांबा. बरेच जण हेच करतात. भावकीतल्या लोकांनी शिव्या दिल्या असत्या आणि थांबलेही असते, कारण घरच्या माणसाला पोलीस स्टेशनला कोण खेचतं? बापूचे वडीलही हेच म्हणत होते. ‘माल त्यानं नेला, तू काय खाल्लास काय?’

दुसरी वाट स्वतः भरण्याची. तेवढी रोकड नव्हती. बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा संपली होती. बाग तारण टाकली तर पैसे मिळायला दिवाळी उलटून गेली असती.

तो आप्पांकडे गेला. पेढीवर एका बाजूला कॉम्प्युटरवर टॅली आणि दुसऱ्या बाजूला वहीपूजनासाठी आणून ठेवलेली कोरी लाल खतावणी. आप्पांनी चहा मागवला, गुंता पुरता ऐकला आणि एकच मागितलं, ज्यांचं देणं आहे त्यांची यादी. रकमांची नव्हे, माणसांची. कोणाचं किती देणं हे बापू सांगत गेला आणि आप्पा कागदावर मांडत गेले. मराठीत बोलणारे आप्पा बेरीज मात्र कानडीत करतात, ओठातल्या ओठात, ओंदु, एरडु, मूरु. बेरीज झाल्यावर त्यांनी यादीतल्या सहा-सात नावांवर खूण केली. ज्यांच्या घरी लग्न ठरलंय, ज्यांची बाग पहिल्या छाटणीला आलीये, ज्यांचं दुसरं उत्पन्न काही नाही. ‘यांना उद्या दे. बाकीच्यांना वसुबारसेच्या आत. तुझ्या चुलत्याला सगळ्यात शेवटी.’

पैसे त्यांनी बँकेच्या दरानं दिले, आरटीजीएसनं, साध्या चिठ्ठीवर. जामीन मागितला नाही. हे मोठेपणानं केलं असं समजण्याचं कारण नाही, आणि आप्पांनीही तसं सोंग आणलं नाही. त्यांचा हिशेब वेगळा होता. बापूचा धंदा बसला असता तर त्याच्याकडचे बागायतदार बाजारच सोडून शेडवर थेट विकायला लागले असते, आणि त्याच गावांतून आप्पांची हळद येते. शिवाय बापू त्यांच्या हाताखाली तयार झालेला, तो बुडाला तर लोकांनी नाव त्यांचंही काढलं असतं. एक गोष्ट मात्र त्यांनी सांगितली ती बापू अजून सांगतो: ‘तू हात वर केलेस तर म्हणतील मराठ्यानं बुडवलं. माझ्या पोरानं केले तर म्हणतील अमक्याच्या पोरानं बुडवलं. तुला चूक महाग पडते.’

दिवाळीआधी सगळ्या पट्ट्या चुकत्या झाल्या. चुलत्याला खरंच शेवटी मिळाले आणि त्यावरून दोन घरांत पाडव्यापर्यंत बोलणं नव्हतं.

पुढं काय झालं

आप्पांचे पैसे बापूनं पुढच्या दोन हंगामांत फेडले. खरेदीदारावर कोर्टात दावा आहे. व्यापाऱ्यांच्या मध्यस्थीनं काही रक्कम आली, बरीच येणे आहे. बाजारात बापूच्या नावावर उधारी मिळायला लागली, पण इंदूरकडचा नवा खरेदीदार अजूनही आधी आप्पांना फोन करतो आणि मग बापूला. बापूला याचा राग येत नाही असं तो म्हणतो. त्याचं तोंड बघून मला ते पटलेलं नाही.

या वर्षी त्याच्याकडे एक तरुण आला होता. त्याचे वडील याच बाजारात हमाली करत. १९६९च्या माथाडी कायद्यानं हमालांना बोर्ड, मजुरीची हमी, प्रॉव्हिडंट फंड दिला, पण पाठीवरचं पोतं उतरवून गल्ल्यावर बसण्याची वाट त्यात नाही. पोरगा बौद्ध समाजातला, एमकॉम, टॅलीत तरबेज. त्याला अडतीचा परवाना काढायचा आहे आणि बँक गॅरंटीसाठी पाठीमागे कुणीतरी उभं राहायला हवं. बापूनं त्याला विचारलं, जमीन किती आहे, पाहुण्यांत कुणी बागायतदार आहे का, माल कुठून आणशील? प्रश्न धंद्याचेच होते आणि एकही चुकीचा नव्हता. त्यांतल्या एकाचंही उत्तर त्या पोराकडे नव्हतं.

आप्पांनी तुझ्याकडे जामीन मागितला नव्हता, हे मी बापूला बोलून दाखवलं. त्यावर तो म्हणाला, माझी बाग तर होती ना मागं, आप्पांना ती दिसत होती. हे खरं आहे. तूर्तास त्यानं पोराला स्वतःच्या पेढीवर दिवाणजी म्हणून घेतलंय आणि पुढच्या हंगामात लहान खरेदीदारांचे सौदे त्याच्याकडे सोपवायचं कबूल केलंय. परवान्याचा अर्ज अजून भरलेला नाही.